चौथीची मुलं, विधान भवन आणि हुतात्मा चौक: आमच्या झेडपी शाळेची सहल, पहिल्या पत्रापासून ग्रामसभेपर्यंत

मी शहापूर तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग माझ्याकडे, पट तिसाच्या आसपास असतो. दरवर्षी सहल म्हटलं की पालकांकडून एकच यादी येते, वॉटर पार्क नाहीतर एखादं देऊळ. गेल्या काही वर्षांपासून आम्ही मात्र मुंबईला जातो, "आपलं राज्य कसं झालं आणि ते चालतं कसं" हे बघायला. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक विचारतात परवानगी कशी काढता, इतकी लहान मुलं विधान भवनात काय समजणार, वेळ पुरतो का. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढते.

पहिल्या वर्षी मी चूक केली होती ती आधी सांगते. एका दिवसात सात ठिकाणं घेतली. मुलं बसमधून उतरायची, पाच मिनिटं बघायची, परत बसमध्ये. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं काय बघितलं तर उत्तर आलं, "बाई, मोठ्या बिल्डिंगी बघितल्या." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, मी त्यांना बिल्डिंगीच दाखवल्या होत्या. त्यानंतर ठरवलं की गावातून निघताना मुलांकडे एक प्रश्न पाहिजे, त्यांचा स्वतःचा, घरातला, आणि दिवसभर प्रत्येक ठिकाणी तोच एक प्रश्न विचारायचा.

प्रश्न कुठला घ्यायचा

आमच्याकडे तो शोधावा लागला नाही. आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मोडकसागर आहे, मुंबई पाणी पिते ते बरंचसं आमच्याकडचं, आणि एप्रिल-मे आला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे लावून ठेवलेले असतात. तेव्हा मुलांचा प्रश्न हाच, "धरण आपल्याकडे, पाणी मुंबईला, मग आपल्याकडे टँकर का, आणि हे ठरवतं कोण?"

तुमच्या गावचा प्रश्न वेगळा असेल. एसटी का बंद झाली, शाळेसमोरचा रस्ता कोणी करायचा, दवाखान्यात डॉक्टर का नसतो, काहीही चालेल. फक्त दोन गोष्टी बघा, प्रश्न मुलांच्या तोंडून आलेला असू दे आणि त्याचं उत्तर एकट्या सरपंचांकडे नसू दे, म्हणजे मग तो गावातून तालुक्याला, तालुक्यातून मुंबईला घेऊन जाता येतो.

मी चार रंगांची कार्डं करते. पिवळं ग्रामपंचायतीचं, हिरवं पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचं, निळं राज्य सरकारचं, गुलाबी मुंबई महापालिकेचं. मग पाण्याच्या एकेका गोष्टीला कार्ड लावायचं. गावची नळयोजना चालवते ग्रामपंचायत, पिवळं. योजनेचा आराखडा आणि इंजिनिअर झेडपीच्या पाणीपुरवठा विभागाचे, हिरवं. टँकर पाहिजे असेल तर प्रस्ताव ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत जातो, म्हणजे पिवळ्यातून हिरव्यात. भातसा धरण राज्य सरकारच्या जलसंपदा विभागाचं, निळं. आणि तानसाला गुलाबी, कारण ते धरण मुंबई महापालिकेचं आहे, १८९२ मध्ये बांधून झालेलं. इथे वर्ग एकदम शांत होतो. रोज बघतो ते धरण आपल्या गावचं नाही, तालुक्याचं नाही, ते नव्वद-शंभर किलोमीटरवरच्या शहराच्या महापालिकेचं आहे हे मुलांना नवीन असतं, आणि खरं सांगायचं तर काही पालकांनापण. मुंबईचे सातही तलाव पाठ करून घेते, तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, भातसा. त्यातलं जवळपास अर्धं पाणी एकट्या भातसाचं, आणि मुंबईच्या हद्दीत आहेत फक्त तुळशी आणि विहार.

तारीख ठरवताना

हे काम दिवाळीच्या सुट्टीआधीच करा. वीकडेच घ्यायचा, शनिवार-रविवार सरकारी ऑफिसं बंद असतात. डिसेंबर टाळा, कारण हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं (१९५३ च्या नागपूर करारात ठरलेलं की वर्षातून एक अधिवेशन तिकडे होणार), त्यामुळे विधानमंडळाचा बराच स्टाफ नागपूरला गेलेला असतो आणि तुमचं पत्र टेबलावर पडून राहतं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर बजेट अधिवेशन, तेव्हा सगळीकडे बंदोबस्त आणि गर्दी. अधिवेशन चालू असताना गॅलरीतून कामकाज दाखवावं असं वाटणं साहजिक आहे, मलाही वाटायचं. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलांना रिकामं सभागृह शांतपणे बघता येणं जास्त उपयोगाचं असं माझं मत झालंय. तिथे बोट दाखवून सांगता येतं, मुलाला प्रश्न विचारता येतो, गॅलरीत मात्र हूं की चूं करायचं नसतं. म्हणून जानेवारी.

जानेवारीला आमच्याकडे एक मोठी अडचण आहे. दिवाळीनंतर कातकरी आणि बरीच ठाकर कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलं बरोबर जातात, आणि सहलीच्या दिवशी वर्गातली नेमकी हीच मुलं नसतात. ज्यांच्या घरी टँकरचं पाणी येतं तीच मुलं पाण्याचा प्रश्न विचारायला नसतील तर सहलीला अर्थ काय उरला. मी दिवाळीआधी पाड्यावर जाऊन आईबापांशी बोलते, सहलीची तारीख सांगते, मूल आजीकडे थांबणार असेल तर त्याची हजेरी, जेवण, वह्या सगळं बघू म्हणून सांगते. गेलेलीच असतील तर भट्टी कुठे आहे ते विचारून ठेवायचं आणि आदल्या दिवशी मुलाला आणायची सोय करायची. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला तिचे काका बाईकवर रात्री घेऊन आले, सकाळी बसमध्ये सगळ्यात आधी तीच येऊन बसली होती.

कागदपत्रं

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावापासून करा, ठरावात ठिकाणं, तारीख, मुलांची संख्या, बरोबर येणारे शिक्षक आणि खर्च सगळं यायला पाहिजे. मग मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी आणि पुढे शिक्षणाधिकारी. परवानगीच्या पत्रासोबत अटी येतात, त्या नुसत्या फायलीला लावू नका, बसून वाचा आणि सहकाऱ्यांना वाचून दाखवा. पालकांचं संमतीपत्र प्रत्येकाचं वेगळं घ्या. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांना काय लिहिलंय ते तोंडी समजावून सांगा आणि मगच अंगठा घ्या, घाईत रांगेने अंगठे घेऊ नका.

विधान भवनासाठी वेगळं पत्र लागतं, ते महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाच्या नावाने. आमचा अनुभव असा की सोबत आपल्या मतदारसंघाच्या आमदारांचं शिफारसपत्र असलं की काम सोपं होतं. आमदारांच्या ऑफिसात जाताना दोन-चार मुलांना घेऊन जा, कारण हाच सहलीचा पहिला टप्पा धरता येतो. शहापूर मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, राज्यात असे २५ मतदारसंघ आहेत, आणि राखीव म्हणजे काय हे तिथेच सांगता येतं. पत्रात इयत्ता, मुलांचं वय, मुलं-मुली किती, मोठे किती, येण्याची वेळ आणि बसचा नंबर लिहा. सोबत नावांची यादी, मोठ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. दीड-दोन महिने आधी पत्र द्या, आठवड्याने फोन करा, परत आठवड्याने करा. परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय मुलांना "विधान भवनात जाणार" असं सांगू नका.

बस एसटीचीच घ्या. शैक्षणिक सहलीला तिकिटात निम्मी सवलत मिळते, मुख्याध्यापकांचं पत्र आणि परवानगीची प्रत घेऊन डेपोत लवकर जा कारण जानेवारीत सगळ्याच शाळांना बस पाहिजे असते. पैशाचं म्हणाल तर आम्ही जूनपासून दर सोमवारी प्रत्येकी दहा रुपये जमा करतो, मुलंच वहीत हिशोब लिहितात. ज्यांना जमत नाही त्यांचं आम्ही शिक्षक आणि गावातले दोघेतिघे भरतो, आणि कोणाचं कोणी भरलं हे वर्गात कधीही बोललं जात नाही.

आधीचे तीन आठवडे

पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायत. आमच्या ऑफिसला चालत जायला सात मिनिटं लागतात. सरपंचांना आधी सांगून ठेवा की भाषण नको, मुलांची प्रश्नोत्तरं पाहिजेत. सदस्य किती असं मुलांनी विचारायचं (ग्रामपंचायत केवढी त्यावर ७ ते १७), बायका किती (निम्म्या जागा राखीव), पाणीपट्टी किती जमते, खर्च किती होतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना प्रोसिडिंग बुक दाखवायला सांगा, म्हणजे मिटिंगमध्ये बोललेलं लिहून ठेवलं जातं हे मुलांना दिसतं. हीच गोष्ट ते पुढे विधान भवनात मोठ्या रूपात बघणार असतात.

दुसऱ्या आठवड्यात इतिहास, आणि इथे मला थोडं जास्त बोलायचंय. चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपती आहेत, त्यामुळे मुलांना अष्टप्रधान मंडळ माहीत असतं. तिथूनच सुरुवात करा. अमात्य जमाखर्च बघायचे, आज ते काम अर्थमंत्र्यांचं. न्यायाधीशांचं काम आज कोर्टाचं. सचिव हा शब्द तर आजपण मंत्रालयात जसाच्या तसा आहे. मग विचारा, तेव्हाच्या प्रधानांना कोण नेमायचं? महाराज. आणि आजच्या मंत्र्यांना? इथून मत, निवडणूक, आमदार, बहुमत हे सगळं आपोआप निघतं. एक गणितपण घालते, आमदार २८८, त्यांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत, मग जास्तीत जास्त किती? टक्केवारी न शिकलेल्या मुलांना दहा टक्के आणि त्याच्या निम्मे असं करून ४३ पर्यंत आणता येतं. आमच्या तालुक्यात माहुली किल्ला आहे, १६३६ मध्ये शहाजीराजांना तिथे वेढा पडला होता, म्हणजे हा इतिहास आमच्या खिडकीतून दिसतो, तो सांगितल्याशिवाय मला मुंबईला निघावंसंच वाटत नाही.

पण खरी कसोटी संयुक्त महाराष्ट्राची. मुलांना १ मे म्हणजे निकाल आणि झेंडा एवढंच माहीत असतं. महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं हे त्यांना आधी पटत नाही. मी फळ्याऐवजी एक लांब दोरी लावते आणि त्यावर चिमट्याने कागद अडकवते. २१ नोव्हेंबर १९५५, फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार. १ नोव्हेंबर १९५६, गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र असलेलं द्वैभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६०, महाराष्ट्र, यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री, तेव्हा जिल्हे २६, आज ३६. आणि दोरीच्या शेवटी १ ऑगस्ट २०१४, आपल्याच ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, हे मुलांच्या आईबापांना आठवतं. मधल्या जागेत नावं सांगते, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, कॉम्रेड डांगे, आणि डफावर थाप मारून गावोगाव माणसं जागी करणारे अमर शेख, अण्णाभाऊ साठे. अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर दिल्लीतलं मंत्रिपद सोडलं तेही सांगते, मुलांना राजीनामा हा शब्द फार आवडतो. बेळगाव, कारवारची मराठी माणसं बाहेर राहिली हेही लपवू नका, मुलं विचारतातच.

घरचा अभ्यास एकच, आजी-आजोबांना विचारून या की तुम्ही लहान असताना पाणी कुठून आणायचात. उत्तरं वहीत लिहायची, ही वही सहलीला बरोबर येणार.

तिसऱ्या आठवड्यात वर्गातली विधानसभा. अध्यक्ष, सत्ताधारी, विरोधक, बाकी सदस्य. बाकं अशी लावा की अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार आणि डाव्या हाताला विरोधी पक्ष, खऱ्या सभागृहात असंच असतं. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना उभं राहून तोंडी द्यावं लागतं, अतारांकितचं लेखी येतं, हे सांगून प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घ्या आणि तारा काढायला लावा. "होय" आणि "नाही" म्हणून आवाजी मतदान घ्या. मुलं एवढी रमतात की मधल्या सुट्टीत पण "अध्यक्ष महोदय" चालू असतं. अध्यक्ष शक्यतो कमी बोलणाऱ्या मुलीला करा, आमच्याकडे एक मुलगी वर्षभर मान वर करून बोलली नव्हती, तिने त्या दिवशी "शांत बसा" असं म्हटलं आणि सगळा वर्ग खरंच शांत बसला.

सहलीचा दिवस

आम्ही पहाटे साडेपाचला निघतो, आटगाव-शहापूरकडून मुंबई साधारण नव्वद किलोमीटर, पण ठाण्यापुढे ट्रॅफिक कुठे अडवेल सांगता येत नाही म्हणून साडेतीन तास धरा. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, प्रत्येक गटाच्या दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी, गळ्यात ओळखपत्र ज्याच्या मागे शाळेचं नाव आणि दोन मोबाईल नंबर. एक मोबाईल बंद पडतोच. महिला शिक्षिका किंवा एखादी आई बरोबर पाहिजेच पाहिजे. गाडी लागणारी मुलं पुढच्या सीटवर, पिशव्या हाताशी, आवळा सुपारी आणि आलेपाक खिशात, निघताना पोटभर चहा-बिस्कीट अजिबात नको. डबा कोरडा, चपाती-बटाट्याची भाजी, दही-ताक नको. संडास-लघवीचं आधी ठरवा, हायवेवरचा पंप, मग विधान भवनात विचारून, मग म्युझियममध्ये. हे आधी नाही ठरवलं तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मी बघितलंय.

बसमध्ये नुसती गाणी नको, पहिला तास काम. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघायचे, वरचा भाग पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्रामसडक. म्हणजे रस्ता दिल्लीचा की राज्याचा हे दगड सांगतो. मग भिवंडी-ठाण्याकडे पाण्याचे जाडजूड पाईप दिसले की ओरडायचं "आपलं पाणी!" भातसाचं पाणी नदीतून पिसेला येतं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग पाईपने मुंबईला जातं. म्हणजे आमची बस आणि आमचं पाणी एकाच दिशेला निघालेलं असतं.

पहिला थांबा सीएसएमटी, पण आत शिरायचं नाही, गर्दीत मुलं हरवतात. समोरच्या फुटपाथवरून बघायचं. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ, सिंह इंग्लंडचा, वाघ भारताचा, हे मुलांनी शोधायचं. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत १८८८ च्या सुमाराला पूर्ण झाली, २००४ पासून जागतिक वारसा आहे, पण बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती त्याच्याही आधी, १६ एप्रिल १८५३ ला. आता मुलांना तिथल्या तिथे वळवा. रस्त्यापलीकडे मुंबई महापालिका, तीपण स्टीव्हन्सचीच, १८९३ ची, २२७ नगरसेवकांची. गुलाबी कार्ड वर काढायला सांगा. तानसा ज्यांचं, ते ऑफिस हे. गेल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "बाई, ह्यांना माहीत असेल का आपलं गाव कुठंय?" मी उत्तर दिलं नाही, वहीत लिहून ठेव म्हटलं.

तिथून हुतात्मा चौक चालत पंधरा-वीस मिनिटं. गाठी मारलेली लांब दोरी घ्या, प्रत्येक गाठीला एक मूल, पुढे एक मोठा, मागे एक, मधे दोन. रस्ता सिग्नललाच आणि पोलिसांना सांगूनच ओलांडा. चौकात फाउंटन १८६४ चं आणि बाजूला मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. इथे मी फार बोलत नाही. वर्गातल्या दोरीवरचा १९५५ चा कागद बरोबर आणलेला असतो, तो एक मूल वाचतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसं गेली म्हणून आपण आज मुंबई आमची म्हणतो एवढंच सांगते, आणि एक मिनिट शांत उभं राहतो. मागच्या वर्षी एक फुलवाले काका थांबले, त्यांनी मुलांबरोबर हात जोडले आणि पुढे गेले.

मग बस. ड्रायव्हरदादांशी आधीच ठरवा कुठे सोडणार आणि कुठे घेणार, कारण या भागात बस उभी करू देत नाहीत. जाताना ओव्हल मैदानाच्या बाजूने हायकोर्ट दाखवा, पुढे मंत्रालय खिडकीतूनच. कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय करणारे, तिघंही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत हे एकदा डोळ्याने बघितलं की वेगळं पाठ करावं लागत नाही.

विधान भवनात दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. पिशव्या, डबे, बाटल्या बसमध्ये, मोबाईल कुठे ठेवायचे ते गेटवर विचारा. मूळ परवानगी आणि यादी एकाच फाईलमध्ये, ती फाईल एकाच माणसाच्या हातात. ही इमारत १९ एप्रिल १९८१ ला इंदिरा गांधींच्या हस्ते सुरू झाली, त्याआधी कामकाज रिगल टॉकीजजवळच्या जुन्या इमारतीत चालायचं जिथे आज राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. विधानसभेचं सभागृह बघताना मुलांना पहिलं काम, अध्यक्षांची खुर्ची शोधा. दुसरं, सरकार कुठे, विरोधक कुठे. हे ते पटकन सांगतात कारण वर्गात बाकं तशीच लावलेली असतात. मधोमध प्रतिवेदक बसतात, बोललेला शब्द न् शब्द नोंदवणारे, तिथे एकाने मला हळूच म्हटलं "बाई, प्रोसिडिंग बुक." विधान परिषदेची रचना मुलांना फार समजावत बसू नका, ७८ सदस्य, सहा वर्षांची मुदत आणि हे सभागृह कधी बरखास्त होत नाही एवढं पुरे.

तिथल्या अधिकाऱ्यांना आधी विनंती करून ठेवा की मुलांचे पाच प्रश्न घ्यावेत. पाचच, वर्गात निवडून आणलेले. धरणाचं पाणी कोणाला किती द्यायचं हे कोण ठरवतं, आमच्या आमदारांनी आमच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर कोण देतं, आम्ही लहान मुलं प्रश्न पाठवू शकतो का, असे. आणि निघायच्या आधी गणित, आमदार व्हायला २५ वर्षं पूर्ण लागतात, तुम्ही कुठल्या साली उभे राहू शकता? सगळे बोटं मोजायला लागतात.

डबा आम्ही बसमध्येच खातो. दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, शाळेच्या पत्रावर तिकिटात सवलत विचारा आणि सुट्टीचे दिवस आधी तपासा. इमारत जॉर्ज विटेटची, गेट वे ऑफ इंडिया त्याचंच. सगळी दालनं करू नका, मुलं तोपर्यंत दमलेली असतात. शस्त्रांचं एक दालन, मूर्तींचं एक, आणि शेवटी प्राणी-पक्ष्यांचं, ते शेवटी ठेवा नाहीतर मुलं तिथून हलत नाहीत. दीड तास बास. गेट वेचा आग्रह सगळे करतात, मी वेळ असेल तरच जाते, तेही तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा बघायला जो २६ जानेवारी १९६१ ला, राज्य होऊन वर्ष व्हायच्या आत बसवला गेला. बोटीत बसायचं नाही, पाण्याजवळ जायचं नाही, यावर चर्चाच नाही. चार-साडेचारला निघालंच पाहिजे, अंधार फार व्हायच्या आत मुलं घरी पाहिजेत. निघताना, चढताना, प्रत्येक थांब्यावर मोजणी, आणि मोजणी नावाने करा, नुसती डोकी मोजू नका.

परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी सुट्टी देऊ नका, आठवणी ताज्या असतात. निबंध तर अजिबात लिहायला लावू नका, "आम्ही सकाळी लवकर उठलो" याच्या पुढे गाडी जात नाही. त्यापेक्षा चार कार्डं परत काढा आणि पाण्याचा प्रश्न नव्याने मांडा, आता कुठलं कार्ड कुठे जातं आणि का. आजी-आजोबांची वही शेजारी ठेवा. मग वर्गातली विधानसभा पुन्हा भरवा, त्याच प्रश्नावर, आणि यावेळी मुंबईकरांच्या बाजूने बोलायला पण दोघंतिघं उभी करा. मुंबईत पण झोपडपट्टीत लोक रांगेत उभे राहतात हे मुलांनी बसमधून बघितलेलं असतं, त्यामुळे भांडण एकतर्फी होत नाही. शेवटी मुलांनी ठराव करायचा, मोठ्यांनी दुरुस्ती करायची नाही, शुद्धलेखनाची पण नाही.

दोन पत्रं जातात. एक विधानमंडळ सचिवालयाला आभाराचं, त्यात उत्तर न मिळालेला एक प्रश्न. दुसरं आमदारांना. उत्तर येईलच असं मुलांना सांगू नका, पण पोस्टाची पावती वर्गात लावून ठेवा.

आणि तिसरं काम १ मेचं. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन झालं की आमच्याकडे ग्रामसभा असते. सरपंचांशी आधी बोलून मुलांना पाच मिनिटं मागून घ्या. दोन मुलं ठराव वाचतात, पाड्यावरच्या टाकीचं काम कुठपर्यंत आलं, टँकरचा प्रस्ताव या वर्षी कधी जाणार, असं तारखेसकट विचारतात. दोन वर्षांपूर्वी वाचणारी ती भट्टीवरून आलेलीच मुलगी होती. वाचून झाल्यावर ती खाली बसली नाही, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, प्रोसिडिंगला घेतलं का?" त्यांनी तिच्यासमोर लिहिलं. त्या पानाची नक्कल अर्ज करून मागून घ्या आणि सहलीच्या फाईलला लावा, पुढच्या वर्षीच्या चौथीला ग्रामपंचायतीत जाताना पहिलं तेच पान दाखवायचं.